बॅकला लो-बो स्टिक झेपते का?

हॉकीपटू हरमनप्रीत सिंग खेळतो मागे, म्हणजे बॅकला, आणि २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल त्याचेच. त्यामुळे डिफेन्सला खेळणारा पोरगा नागपुरात बर्डीच्या दुकानात शिरला की त्याचं बोट आधी ९० टक्के कार्बनच्या लो-बो स्टिककडे जातं. स्टिक वाईट नाही. पण ती ड्रॅगफ्लिकसाठी, म्हणजे शॉर्ट कॉर्नरला चेंडू ओढत नेऊन गोलवर फेकण्यासाठी, बनलेली आहे, आणि ते काम बॅकच्या वाट्याला सामन्यात चार-पाच वेळा येतं, तेही टीमचा फ्लिकर तोच असेल तर. भारताचा माजी बॅक दिलीप तिर्की ४१२ आंतरराष्ट्रीय सामने खेळला तो मुख्यतः समोरच्याचा चेंडू काढून घेण्याच्या जोरावर.

बो म्हणजे दांड्याचा बाक. नियमाप्रमाणे तो २५ मिमीपेक्षा जास्त नको, आणि सर्वांत खोल जागा खालच्या टोकापासून २०० मिमीच्या आत यायला नको. लो-बो या हद्दीला जवळपास खेटूनच बनवतात. ड्रॅगमध्ये चेंडू आधी दांड्यावर घेतात, ओढता ओढता तो हुकाकडे, म्हणजे खालच्या वळलेल्या टोकाकडे, सरकतो. बाक खाली असला की चेंडू मध्येच सुटत नाही आणि शेवटच्या झटक्याला वेग मिळतो. या कामात स्टिकला पूर्ण गुण.

हिटमध्ये मात्र रडगाणं सुरू होतं. बाकामुळे चेंडूला लागताना स्टिकचं तोंड, म्हणजे सपाट बाजू, किंचित उघडं पडतं आणि चेंडू उठतो. आपल्या २३ मीटर रेषेवरून विंगला मारलेला पास गुडघ्यापर्यंत उडाला आणि वाटेत कोणी उभा असला, तर धोकादायक खेळाची शिट्टी ठरलेली. चेंडू नेहमीपेक्षा थोडा मागे घेऊन, हात पुढे ठेवून मारला तर तो जमिनीलगत राहतो. ही सवय लागायला काही आठवडे जातात. आडवी स्टिक टाकून ब्लॉक करतानाही तेच. मनगट जरा वळलं की तोंड आकाशाकडे होतं आणि चेंडू स्टिकवरून चढून पायावर येतो. बॅकच्या पायाला सर्कलमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या डीमध्ये, चेंडू लागला म्हणजे फुकटचा शॉर्ट कॉर्नर.

कार्बन जितका जास्त, तितकी स्टिक कडक. हिटला ताकद मिळते, पण हात मऊ नसतील तर जोरात आलेला चेंडू थांबण्याऐवजी टप्पकन पुढे उडतो, नेमका फॉरवर्डच्या समोर. मुरमाच्या मैदानावर तर हाताला झिणझिण्या येतात आणि हुकाचा खालचा भाग आधी झिजतो; तंतू दिसायला लागले की पावसाळ्यात पाणी आत शिरतं. हुकाला पहिल्या दिवशीच टेप लावावा, पण बेताने. टेपसकट स्टिक ५१ मिमीच्या कड्यातून जावी लागते. मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना स्टिक बंद गाडीत किंवा गच्चीवर टाकू नये. वारंवार तापली की आतले तंतू धरून ठेवणारी राळ कमजोर होते, आणि मग साध्या टॅकलमध्ये कडकन आवाज येतो.

दुकानातच एक तपासणी करता येते. स्टिक तोंडाकडून काचेच्या काउंटरवर पालथी ठेवा आणि १० रुपयांचं नाणं उभं धरून खालून सरकवा. नाणं २७ मिमीचं असतं. ते आरपार गेलं तर बाक नियमाबाहेरचा, कंपनी कितीही मोठी असो. मग स्टिक तळहाताने दाबा, काचेवर डुगडुगली तर दांडा पिळलेला आहे.

क्लब किंवा विद्यापीठ पातळीच्या बॅकने मिड-बो, म्हणजे मध्याजवळ बाक असलेली, घ्यावी, कार्बन ५० ते ७० टक्के, वजन ५४० ते ५६० ग्रॅम. उंची पावणेसहा फुटांच्या वर असेल तर ३७.५ इंच, नाहीतर ३६.५. लांब स्टिकने पोहोच वाढते हे खरं, पण चेंडू पायाजवळ आला की तीच आडवी येते. फ्लिक रोज शंभरदा मारणाऱ्यानेच लो-बो घ्यावी, तीही दुसरी स्टिक म्हणून.

लो-बो न घेतल्याने वाचलेले पैसे शॉर्ट कॉर्नर अडवतानाच्या सामानात घाला. इथे बर्डीतले दुकानदार कमी बोलतात, कारण विक्री स्टिकची. सर्कलच्या कडेवरून, म्हणजे १४.६३ मीटरवरून ताशी १०० किमीने निघालेला फ्लिक साधारण अर्ध्या सेकंदात गोलवर असतो. फ्लिकरच्या अंगावर पुढे धावणाऱ्याला, अमित रोहिदास भारतासाठी करतो त्या कामात, त्याहूनही कमी वेळ मिळतो. फेस मास्क, डाव्या हाताचा कडक ग्लोव्ह आणि नीगार्ड हे तिन्ही हवेतच. मास्क घालून बघताना मान खाली घाला, पायाजवळचा चेंडू दिसला पाहिजे. हनुवटीशी मोकळा राहत असेल तर पळताना डोळ्यांवर चढतो. पट्टा एका हाताने निघतोय का तेही पाहा: चेंडू काढून पळताना मास्क २३ मीटरच्या आतच, पहिली संधी मिळताच उतरवावा लागतो, आणि ग्लोव्ह घातलेल्या हाताने चिकटपट्टीचं टोक सापडत नाही.