बागेसाठी मंथली देणगी: माझा अनुभव

सार्वजनिक बाग सांभाळणाऱ्या एका संस्थेची मंथली देणगीवाली मेंबरशिप घेतलीय, तिचा हा रिव्ह्यू. सगळ्यात जास्त काय आवडलं तर हे लोक नुसतं नवीन कारंजं, नवीन गेट असल्या फोटोत दिसणाऱ्या गोष्टींसाठी पैसे मागत नाहीत, देखभालीसाठी मागतात, आणि तेच खरं अवघड आहे कारण उद्घाटनाला सगळे पुढे येतात पण दरवर्षीची छाटणी, पाइपची दुरुस्ती, माळ्यांचा पगार यासाठी कोण देतं हो?

मेंबर्सना त्यांनी जुन्या झाडांखालची माती दाखवली, पायांनी तुडवून इतकी घट्ट झालेली की पाणी वरच्यावर वाहून जातं आणि मुळांना हवाच मिळत नाही. देणगीतून ती मोकळी करून वर पालापाचोळ्याचा थर दिला, तोही बुंध्यापासून थोडी जागा सोडून, नाहीतर साल कुजते. इतकं मन लावून केलेलं काम बघून खूप बरं वाटलं.

न्यूयॉर्कच्या ८४३ एकरांच्या सेंट्रल पार्कसाठी १९८० पासून 'सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी' ही ना-नफा संस्था असाच पैसा उभा करतेय, तिथे देणगी देऊन बाकसुद्धा दत्तक घेता येतो. इथेही ती सोय हवी!

तक्रार एकच, पावती फार उशिरा येते, दोनदा मेल करावा लागला. आणि देणगी देताना 'जिथे गरज असेल तिथे' हाच ऑप्शन निवडा, एकाच कामाला बांधलेला पैसा दुसरीकडे वापरता येत नाही.