अकरा वर्षं जुन्या सीपीयूमध्ये आय-७ प्रोसेसर आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड: तीन महिन्यांनंतर

बेळगावजवळच्या खानापुरात आमचं फोटो-व्हिडिओचं काम आहे. आमचे हे शूटिंगला जातात, मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग, माझ्याकडं. लग्न, बारसं, वास्तुशांत, गावची जत्रा, जे येईल ते २०१४ पासून एकाच सीपीयूवर करत आले. (आपल्याकडं सगळे डब्यालाच सीपीयू म्हणतात, मीही इथं तसंच लिहिते. आतल्या चिपला प्रोसेसर म्हणेन.) त्यात होतं ते असं: आय-३ ४१३० प्रोसेसर, एच ८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅम. चित्राचं काम सांभाळणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दोन वर्षांपूर्वी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली तेव्हा विंडोज पटकन सुरू व्हायला लागलं. मिक्सिंगच्या वेळेत मात्र काडीचा फरक पडला नाही.

तासाभराची लग्नाची फिल्म, साधी १०८० ची, रंग सुधारलेले आणि थोडे टायटल. एक्सपोर्टला, म्हणजे तयार फाइल काढायला, पावणेचार तास. रात्री जेवणं आटोपली की लावायची आणि पहाटे नळाला पाणी आलं की उठून बघायची. मधे लाईट गेली की सगळं पहिल्यापासून, आणि खानापूरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना लाईटचं वेगळं सांगायला नको. पार्टीनं फिल्म बघून "ते दुसरं गाणं तेवढं बदला" म्हटलं की आणखी एक रात्र. गेल्या सीझनला एकाच आठवड्यात चार लग्नं आली, तेव्हा मी तीन रात्री त्या खुर्चीवर काढल्या.

विचारायला गेले की सगळीकडं एकच उत्तर, नवीनच घ्या. पंचावन्न हजारांचं कोटेशन हातात. एका दुकानात "एवढे नसतील तर चार जीबीचं कार्ड टाकून देतो" म्हणाले. ते होतं जीटी ७३०. मी घेणारच होते, कारण चार जीबी म्हणजे चार जीबी, एवढंच मला कळत होतं. हे दुकान कुठलं ते लिहीत नाही. पुढचं ज्यांनी समजावलं त्यांचं दुकान बेळगावच्या शहापुरात आहे, जिना चढून पहिल्या मजल्यावर. एकटे चालवतात, त्यामुळे नाव कुठं टाकू नका म्हणून त्यांनीच सांगितलंय. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का.

अण्णांनी आधी कार्डाचं नावच काढलं नाही. फोनवर म्हणाले, "अक्का, डबा घेऊन या आणि चालू कामातला एखादा प्रोजेक्ट त्यातच राहू दे." गेल्यावर माझाच प्रोजेक्ट उघडून एक्सपोर्टला लावला आणि शेजारी टास्क मॅनेजर. प्रोसेसरची रेघ शंभरावर जाऊन तिथंच बसली. रॅम भरलेली. एसएसडी जवळजवळ रिकामी बसून. "कुठं अडकतंय ते दिसलं की? आता खर्च कुठं करायचा ते बघू." जाहिराती वाचून जे मला महिनाभर कळलं नव्हतं, ते त्या दोन मिनिटांत कळलं.

मग डबा उघडला. प्रोसेसर बघायच्या आधी त्यांनी एसएमपीएसचे (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) चार स्क्रू काढले, तो हातात घेऊन तोलला आणि माझ्या हातात दिला. हलका. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट. त्यांनी बोट ठेवलं ते खालच्या बारीक तक्त्यावर, १२ व्होल्टच्या रकान्यात. तिथं १४ अँपिअर. "बारा गुणिले चौदा करा." १६८ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. नवा प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ७५ वॅटचं, म्हणजे १५९ तिथंच गेले. पंखे आणि डिस्क वेगळ्या. "पाटीवर पाचशे लिवलंय, खरं आत एवढंच आहे. यावर कार्ड देणार नाही मी. हे गेलं तर सोबत बोर्ड पण घेऊन जातंय." जुन्या सीपीयूत कार्ड टाकायचा विचार असेल तर पहिल्यांदा हा तक्ता वाचा. माझ्या मते सगळ्या कामात मोलाचं काही शिकले असेन तर हेच.

प्रोसेसरचं सांगते. एच ८१ बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, ११५० पिनांचं. या बोर्डावर इंटेलची चौथी पिढी चालते, पुढचं काही नाही. म्हणजे बाजारात नवं मिळणारं काही चालत नाही, जुनंच शोधायचं. चौथ्या पिढीतला आय-७ ४७७० हा २०१३ चा. चार कोअर (काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). माझा आय-३ दोन कोअर, चार थ्रेडचा. थोडा वेगवान ४७९० पण मिळत होता. तो २०१४ मध्ये आला आणि माझ्या बोर्डाचं बायोस, म्हणजे बोर्डातलंच सॉफ्टवेअर, त्याच्या आधीचं. आधी बायोस अपडेट करावं लागलं असतं आणि ते चालू असताना लाईट गेली तर बोर्डच जायचा. वेगातला फरक किरकोळ, म्हणून ४७७०. नावापुढं 'के' असलेला महाग मिळतो, तो या बोर्डावर घेऊन उपयोग नाही, एच ८१ वर ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवायची, सोयच दिलेली नाही.

कार्डाच्या निवडीवर मात्र आम्ही अर्धा तास घालवला. मी ऐकलेल्या जीटी ७३० च्या चार जीबीचा भाव त्यांनी एका वाक्यात उतरवला. "जीबी म्हणजे गोदामाचा आकार अक्का, दार केवढं ते विचारा." जीटी ७३० च्या डीडीआर-३ कार्डात, ६४ बिटच्या, मेमरीतून सेकंदाला १४.४ जीबी माहिती ये-जा करते. जीटीएक्स १६५० मध्ये १२८ जीबी. गोदाम दोन्हीकडं चार जीबीचंच. शिवाय १६५० मध्ये व्हिडिओ एन्कोड करायचा, म्हणजे फाइलमध्ये बसवायचा, वेगळा भाग आहे, एनव्हेंक, तो एक्सपोर्टचं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवतो.

आरएक्स ६४०० हे दुसरं कार्ड नवं, वॉरंटीसकट मिळत होतं आणि मी तिकडंच झुकले होते. अण्णांनी नको म्हटलं. ते कार्ड स्लॉटच्या सोळापैकी चारच लेन (माहिती जायच्या वाटा) वापरतं. नव्या बोर्डावर चालून जातं, कारण तिथल्या लेन वेगवान. एच ८१ चा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० चा, तिथं चार लेन म्हणजे अरुंद बोळ. त्यात त्या कार्डात एन्कोडरच नाही, म्हणजे मिक्सिंगवाल्याच्या कामाचा भागच गायब. जीटीएक्स १०५० टीआय कार्ड स्वस्त होतं, पण ते बनवणाऱ्या एनव्हिडियानं त्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत, आता फक्त सुरक्षेपुरते येणार. १६५० त्याच्या पुढच्या पिढीतलं. आम्ही घेतलं ते सेकंडहँड, वेगळी पॉवरची वायर न लागणारं. माझ्यासमोर जीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८९६ कोअर दाखवले, कारण नकली कार्डं पण फिरतात. मग अर्धा तास पूर्ण ताण देऊन चालवलं. ६८ अंशांवर थांबलं. तोवर खालून चहा आला.

बसवताना मी शेजारीच उभी होते. प्रोसेसर काढला तेव्हा खाली सॉकेटमध्ये सोनेरी पिनांचं शेत दिसलं, केसाएवढ्या बारीक. यातली एक वाकली तरी बोर्ड गेला. म्हणून त्यांनी दुकानातला पंखा बंद केला, प्रोसेसर दोन बाजूंना धरला, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवला आणि फक्त ठेवला. दाबला नाही. रॅमच्या पट्ट्या काढल्या तर त्यांच्या सोनेरी दातांवर काळपट थर. "खानापूरचं पाणी हे," म्हणाले. आमच्याकडं आषाढात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथं रॅमचं काय. पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसून दाखवलं. पावसाळ्यात सीपीयू चालू न होता नुसता बीप देत असेल तर आधी हे करून बघा. त्या पट्ट्या पुढं काढल्याच, कारण बोर्डाला दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी. आता ८-८ च्या दोन आहेत.

आता तक्रारी. पहिली, मॉनिटर. माझा जुना, मागं फक्त व्हीजीएचं निळं टोक. १६५० ला व्हीजीए नसतंच. हे दुकानात लक्षात आलं नाही, कारण त्यांच्या मॉनिटरवर एचडीएमआय होतं. घरी येऊन जोडायला बसले तर वायरच लागेना. दुसऱ्या दिवशी यांना परत बेळगावला पाठवून एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणवला. मॉनिटर कसला आहे हे त्यांनी विचारायला हवं होतं.

दुसरी जास्त गंभीर. पहिल्याच फिल्मला वीस मिनिटांत सीपीयू फटकन बंद. परत चालू केला, परत बंद. तापमान बघितलं तर प्रोसेसर ९८ अंशांवर, आणि त्याची हद्द १००. माझा जीव अर्धा झाला. फोन लावला तर दुपारी अण्णा उचलत नाहीत, ही तिसरी तक्रार. चारला त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. झाकण काढायला लावलं, कॅमेरा प्रोसेसरवरच्या कूलरवर धरायला लावला. कूलरला चार पाय, प्रत्येकावर काळी पिन. तीन पिनांची डोकी एका पातळीत, चौथीचं तांदळाच्या दाण्याएवढं वर. बसमध्ये सीपीयू उभा मांडीवर धरून आणला होता, वाटेतल्या हादऱ्यांनी ती सुटली. "बंद करा, वायर काढा. पिन बाणाकडं फिरवून वर ओढा, उलट फिरवून परत जागेवर आणा, आता सरळ खाली दाबा." अंगठ्यानं दाबली. 'टक्' असा आवाज आला आणि डोकं बाकीच्यांच्या ओळीत बसलं. त्यानंतर पूर्ण कामात ७१. आठवड्यानं गेले तेव्हा त्यांनी प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नव्यानं लावून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि "पिन मीच ओढून बघायला पाहिजे होती" असं सरळ कबूल केलं. सीपीयू नेताना आडवा न्या, बोर्ड खाली येईल असा, म्हणजे कूलर आणि कार्डाचं वजन लटकत नाही.

खर्च असा: प्रोसेसर ४,२०० रुपये, तांब्याचा गाभा असलेला जुना कूलर ३५०, एसएमपीएस नवा २,७००, कार्ड ७,५००, रॅम १,८००, कन्व्हर्टर २५०, मजुरी ५००. सगळे मिळून १७,३००. एसएमपीएसचं पक्कं बिल मिळालं. सेकंडहँड सामानाला हातानं लिहिलेली चिठ्ठी आणि १५ दिवसांची चेकिंग वॉरंटी, त्यापुढं काही नाही. ज्यांना एवढी जोखीम नको त्यांनी नवीनच घ्यावं.

तीच तासाभराची फिल्म आता ३४ मिनिटांत निघते. टाइमलाइनवर रंग लावताना चित्र अडखळत नाही, हे मला वेळेपेक्षा मोठं वाटतं, कारण आता मी रंग डोळ्यांनी बघून लावते, पूर्वी अंदाजानं लावायची. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच लग्नाचे जांबोटीचे पाहुणे पेनड्राइव्ह न्यायला आले, मुलीच्या वडिलांनी ट्रेलरमधलं एक गाणं बदलायला सांगितलं. ते चहा घेईपर्यंत बदलून दिलं. पूर्वी त्यांना जांबोटीहून परत यावं लागलं असतं.

जमत नाही ते पण सांगते. ड्रोनचं ४के फुटेज अजून थेट सुरळीत चालत नाही, प्रॉक्सी, म्हणजे हलकी कॉपी, करूनच काम करते. आमच्या ओळखीच्यांचा नवा कॅमेरा १० बिट ४:२:२ मध्ये (रंगांची जास्त माहिती ठेवणारा प्रकार) शूट करतो, ते फुटेज १६५० चं हार्डवेअर उलगडत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो हात टेकतो. असं काम रोजचं असेल तर जुन्या सीपीयूवर पैसे घालू नका.

आणि विंडोज. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, तिथं आठवीपासून पुढं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवलंय, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यानंतर या सीपीयूची नेटची वायर काढणार. मिक्सिंग याच्यावर, अपलोड आणि बँकेचं काम लॅपटॉपवर.

काढलेला आय-३ प्लास्टिकच्या डबीत घालून घरी आणला होता. लोंढ्याच्या नणंदेच्या मुलाकडं पेंटियम जी ३२२० चा सीपीयू आहे, सॉकेट तेच ११५०. त्याला तो बसतो असं अण्णा म्हणाले. येत्या शनिवारी त्याचा डबा घेऊन शहापूरला जाणार आहे. आडवा धरून, आणि या वेळी मॉनिटरच्या मागच्या बाजूचा फोटो काढून.