एचडब्ल्यू की एसडब्ल्यू?

फोनवर व्हिडिओची फाइल उलगडून चित्र दाखवतो तो डिकोडर. तो दोन तऱ्हेचा: चिपमध्येच बसवलेला हार्डवेअर, म्हणजे एचडब्ल्यू, आणि प्रोसेसरकडून काम करून घेणारा सॉफ्टवेअर, म्हणजे एसडब्ल्यू. दोन्हींवर मी जवळपास वर्ष-वर्ष काढलंय. त्यातलं सॉफ्टवेअरचं वर्ष नकळत गेलं. ताईच्या लग्नाच्या व्हीसीडीतली डॅट फाइल आईला फोनवर दाखवायची होती. ती एमपीईजी-१ या जुन्या व्हिडिओ पद्धतीतली, आणि माझ्या फोनचा हार्डवेअर डिकोडर असल्या जुन्या फाइलला दारातही उभं करत नाही. मग एमएक्स प्लेअर या व्हिडिओ ॲपमध्ये एसडब्ल्यू कायमचं लावून टाकलं. हळद, सप्तपदी, पंगत, सगळं व्यवस्थित दिसलं आणि ते सेटिंग मी साफ विसरलो.

त्यानंतर पुणे–नागपूरच्या रात्रीच्या बसमध्ये सिनेमा लावला की अर्ध्या तासात फोन मागून गरम व्हायचा. तापण्याचंही एवढं नाही, पण मग पडदा आपोआप मंद व्हायचा. ब्राइटनेसची पट्टी टोकाला, तरी चित्र विझल्यासारखं. फोन तापला की स्वतःला सांभाळायला उजेड कमी करतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. सिनेमात रात्रीचा प्रसंग आला की नुसते आवाज ऐकायचे. कव्हर काढून पाहिलं, खिडकीच्या गार काचेला फोन टेकवून पाहिला. बॅटरी म्हातारी झाली म्हणून नवीचा भावसुद्धा विचारून आलो. दुकानदाराने ती बसवून दिली असती तर पैसे गेले असते आणि पडदा मंदच राहिला असता.

विसरलेलं एसडब्ल्यू सापडलं तेव्हा तोच सिनेमा, त्याच उजेडावर, एचडब्ल्यू+ (त्याच ॲपमधला हार्डवेअरचा दुसरा पर्याय) लावून पुन्हा पाहिला. आधी अडीच तासांत पस्तीस टक्क्यांच्या पुढे बॅटरी जायची, आता विशीच्या आत भागलं. ही काही प्रयोगशाळा नव्हे. तुमचा फोन, तुमची फाइल, आकडे वेगळे येतील. पण पडदा शेवटपर्यंत मंद झाला नाही, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

कारण साधं आहे. चिपमधल्या डिकोडरला हे एकच काम येतं, पण ते तो थोडक्या विजेत उरकतो. प्रोसेसरचे मोठे कोअर, म्हणजे त्याचे मुख्य गणित करणारे भाग, तेवढा वेळ झोपून राहतात. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना प्रत्येक फ्रेमसाठी उठावं लागतं, सेकंदाला २४ वेळा, कधी ६० वेळा.

सॉफ्टवेअरची बाजूही खरी आहे. दहा बिटांचं, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणारं, एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक रूढ पद्धत) बहुतेक फोनच्या हार्डवेअरला झेपत नाही. अर्धवट उतरवलेल्या फाइलवर हार्डवेअर कधी हिरवे ठिगळ दाखवतं, तिथे सॉफ्टवेअर निमूट पुढे जातं. शिवाय छोट्या चित्राला फरक जाणवतच नाही. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. त्यासाठी कोअरला घाम फुटत नाही, जास्त बॅटरी पडदाच खातो.

खरी गोची एव्ही१ ची आहे, म्हणजे व्हिडिओ आणखी लहान करणाऱ्या नव्या पद्धतीची. २०२४ मध्ये गूगलने अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर डेव्हिड नावाचा सॉफ्टवेअर डिकोडर पोचवला. तो फार चपळ आहे, आणि एव्ही१ मुळे डेटाचीही बचत होते. पण चिपमध्ये एव्ही१ नसेल तर सगळा भार कोअरवरच. यूट्यूबच्या ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये (चालू व्हिडिओची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या पर्यायात) ‘एव्ही०१’ दिसतंय आणि फोनही तापतोय, तर एकदा इकडेही बघा. नवा फोन घेणाऱ्याने मेगापिक्सेल मोजण्याआधी हे विचारावं, असं आपलं माझं मत. स्नॅपड्रॅगन ८ जेन २ मध्ये आणि आयफोन १५ प्रोमध्ये ही सोय चिपमध्येच आहे. स्वस्तातल्या चिपबाबत मात्र गृहीत धरू नका.

घरी चार्जर शेजारी असेल तर काहीही लावा, बिघडत नाही. प्रवासात मी एचडब्ल्यू+ सोडत नाही. आईला अजून अधूनमधून ते लग्न बघायचं असतं. तेव्हा कोपऱ्यातलं एसडब्ल्यू दाबतो, आणि पंगत उठली की आठवणीने परत फिरवतो.