बोअरचं पाणी आणि शेतातली माती तपासून घेतली, त्याचा अनुभव

आमची तीन एकर जमीन ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला डिस्टिलरी. कुणाची ते सांगत नाही. दोन वर्षांमागे मळीचं पाणी, म्हणजे स्पेंटवॉश, ओढ्याला आलं आणि तेव्हापासून बोअरच्या पाण्याचा चहा फाटायला लागला. खालच्या तुकड्यातला ऊस गुडघ्याच्या वर जाईना.

मागच्या वर्षी एका प्रयोगशाळेला बोलावलं होतं. त्यांचा पोरगा आला, मोटर चालू करायला लावली, पहिल्या धारेलाच पाण्याची रिकामी प्लास्टिक बाटली भरली, डिकीत टाकली आणि गेला. दहा मिनिटंसुद्धा थांबला नाही. रिपोर्ट आला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) 1,410. आम्ही तो कागद फाईलला लावून गप्प बसलो.

यंदा मे महिन्यात पुण्याची एनएबीएल (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा बोलावली. दोन पाणी, सहा माती आणि येण्याजाण्याचा खर्च धरून 18,400 रुपये. दीर म्हणाले, वहिनी, एवढ्यात ठिबकचा अर्धा एकर झाला असता. खरंय. पण हे लोक बोअरवर काय करत होते ते मी शेजारी उभं राहून बघितलं, म्हणून लिहितेय.

फोनवर त्यांनी आधी लाईटचं वेळापत्रक विचारलं. आमच्याकडे त्या आठवड्यात दिवसाची लाईट होती, त्या बेतानं दोघं अकराला आले. बोअर सहा इंची, 220 फूट. दोरी सोडून बघितलं तर पाणी 80 फुटांवर. मग त्या दोघांतल्या एका मुलानं कागदावर हिशेब मांडला: सहा इंचात फुटाला साडेपाच लिटरच्या वर पाणी मावतं, 140 फुटांचं झालं 780 लिटरच्या आसपास, त्याच्या तिप्पट पाणी आधी उपसून टाकायचं. वीस लिटरची बादली मोबाईल लावून भरली, पंधरा सेकंदांत भरली. म्हणजे अर्धा तास मोटर. मे महिना, आणि पाणी वाहून चाललेलं! माझा जीव वरखाली. मी पाट नारळाकडे वळवला तेव्हा कुठे बरं वाटलं.

तो म्हणाला, "काकू, पाइपात साचून राहिलेलं पाणी हे तुमच्या जमिनीतलं पाणी नव्हे." पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवणारा मीटर (क्षार जास्त तर आकडा जास्त) बादलीत धरून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होता. सुरुवातीला 2,310, मग 2,890, 3,020, 3,040, 3,030. आकडा जागेवर बसल्यावरच बाटल्या भरल्या. गेल्या वर्षीच्या पहिल्या धारेचं काय झालं ते मला तिथेच कळलं.

बाटल्या चार तऱ्हेच्या. जड धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब, नाहीतर धातू बाटलीच्या अंगालाच चिकटून बसतात. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, तोंडाला बोट लावायचं नाही, आणि लगेच बर्फात. शिवाय प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी इथे उघडून एका बाटलीत भरलं, म्हणजे हवेतून किंवा हातातून काही मिसळलं तर कळावं. प्रत्येक बाटली कुणी घेतली, कुणाच्या हाती दिली, किती वाजता, याच्या कागदावर माझीही सही घेतली.

मातीला मी घमेलं पुढे केलं तर नको म्हणाला. घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो, तेच जस्त रिपोर्टात दिसेल. त्यांचं गिरमिट स्टीलचं होतं, दर खड्ड्यानंतर ते धुऊन पुसून घेत होते. इथे मात्र माझं त्यांच्याशी वाजलं. सहा जागांची माती एकत्र कालवून एकच नमुना करू, पैसे वाचतील, असं दुसरा म्हणत होता. खताचा डोस ठरवायला ते चालतं. पण मळीचं पाणी जिथे साचलं तिथलं वाईट माळाच्या चांगल्या मातीत मिसळून टाकलं तर हाती काय लागणार? मी सहा पिशव्या वेगळ्याच भरायला लावल्या. माळावरच्या मातीची ईसी (मातीतल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) 0.6 आली, खालच्या तुकड्याची 5.2. दोन्ही संतृप्त अर्कातल्या, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्यातल्या, आणि 4 च्या वर जमीन क्षारयुक्त धरतात. सरासरीत हे झाकलं गेलं असतं.

पॅकेजमध्ये पोटॅशियम नव्हतं, कारण पिण्याच्या पाण्याच्या मानकात ते नाही. मळीच्या पाण्यात पोटॅश भरपूर, म्हणून मी ते वेगळे पैसे देऊन घातलं. आमच्या बोअरला लिटरला 46 मिलिग्रॅम निघालं, वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे 3. तुलनेला तिथलं पाणी घ्या हे त्यांनीच सुचवलं होतं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

मार्क कापायचे ते रिपोर्टाचे. बारा दिवसांत येणार होता, तेवीस लागले. नऊ पानं, सगळी इंग्रजीत. टीडीएस 1,940 आणि पुढे शेरा, "मर्यादेत". ती 2,000 ची मर्यादा दुसरं पाणीच मिळत नसेल तेव्हाची आहे, एरवी 500. हा रकाना छापलाच नव्हता. फोनवर तीनदा भांडले तेव्हा दुरुस्त करून पाठवला. आणि येताना बर्फ कमी आणला होता. दुपारी शेजाऱ्याच्या बोअरवर पेटीत नुसतं पाणी होतं, आमच्या फ्रिजमधले ट्रे रिकामे करून दिले.

एक गोष्ट दिरांना आवडली नाही. बोअरच्या पाण्यात नायट्रेट 68 आलं, मर्यादा 45, आणि त्यात सूट नाही. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, हे बहुधा तुमच्याच युरियाचं आणि उकिरड्याचं. उकिरडा बोअरपासून वीस पावलांवर आहे. मामांच्या काळापासून तिथेच आहे.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, त्यांनाच परत बोलावलंय. बर्फाची दुसरी पेटी आणा म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय.