जॅझ गिटार: आधी जँगो की चार्ली ख्रिश्चन?

जॅझ गिटार शिकायचं म्हटलं की गाडी या दोन नावांपाशी येऊन अडकतेच. दोघंही बाप आहेत, पण दोघांच्या मागे एकदम लागलात तर धड एकही हाती लागत नाही, हे मी करून बसलोय.

जँगो राइनहार्ट १९१० चा, बेल्जियममध्ये जन्मलेला, ज्यांना जिप्सी म्हणतात त्या रोमा लोकांतला. १९२८ मध्ये कॅरव्हॅनला आग लागली आणि डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका कायमची आखडली, तरी गडी पुढे सोलो वाजवायचा ते उरलेल्या दोन बोटांवर. मी एकदा ती दोन बोटं रबरबँडने बांधून त्याची 'मायनर स्विंग' ही धून वाजवून बघितली, पहिल्या दोन ओळींतच कळलं की हात तारेवरून तारेवर जात नाही, गिटारच्या मानेवर (तारांखालच्या लांब पट्टीवर) वरखाली पळत सुटतो, आणि जँगोचा तो उड्या मारल्यासारखा आवाज येतो तो बराचसा यातूनच. १९३४ पासून पॅरिसमध्ये स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबरचा बँड, त्यात ड्रम नाहीतच, दोन गिटारवाले नुसता ताल धरतात. ऐकायला इतकं मस्त की घरात जॅझ न आवडणारे पण मान डोलवतात.

चार्लीचं तसं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, एवढंच? १९१६ चा, टेक्ससमध्ये जन्मला, ओक्लाहोमा सिटीत वाढला, १९३९ मध्ये क्लॅरिनेटवाला बँडलीडर बेनी गुडमनकडे आला. त्याच्या हातात गिब्सनची ईएस-१५०, म्हणजे इलेक्ट्रिक. तोवर मोठ्या बँडमध्ये गिटार म्हणजे मागे बसून कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर), कारण ट्रंपेटपुढे ती ऐकू कोणाला येणार, आता अँप (आवाज मोठा करणारा अँप्लिफायर) आल्यावर हा सॅक्सोफोनसारख्या लांबलचक ओळी वाजवायला लागला, सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगचा भक्त होता ते दिसतंच. रात्री न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स या क्लबात जॅम, म्हणजे आयत्या वेळी जमून वाजवणं, जिथे बीबॉप ही जॅझची नवी शैली आकाराला येत होती. तिथली १९४१ ची रेकॉर्डिंग खरखरीत आहेत पण ऐकाच, गुडमनबरोबरच्या तीन मिनिटांच्या तबकडीत त्याला जेमतेम काही बार (तालाचे छोटे तुकडे) मिळतात, इथे तो थांबतच नाही. मार्च १९४२ मध्ये टीबीने गेला, वय फक्त २५.

मग निवडायचं कसं? नुसतं ऐकायचं असेल तर जँगो, विषयच नाही, शिवाय त्याचं रेकॉर्डिंग पार १९५३ पर्यंतचं आहे, ऐकाल तेवढं कमी. वाजवायचं असेल तर मात्र मी चार्लीच म्हणेन. जँगोचा वेग पकडायला उजव्या हाताची वेगळीच तालीम लागते, जाड पिक (तार छेडायची पट्टी) लागतं, आणि ताल धरणारा जोडीदार नसेल तर मजा निम्मी. चार्लीच्या ओळी आधी तोंडाने गुणगुणता येतात, मग गिटारवर शोधायच्या, कॉर्डच्या आकारातच सापडतात. 'सेव्हन कम इलेव्हन' या गुडमनबरोबरच्या रेकॉर्डमधला त्याचा सोलो स्पीड अर्धा करून बसा, आठवड्याला आठ बार झाले तरी खूप.

आणि हा प्रकार काही माझा शोध नाही. पुढे मोठा जॅझ गिटारिस्ट झालेल्या वेस माँटगोमेरीने विशीत चार्लीच्या रेकॉर्ड लावून लावून त्याचे सोलो जसेच्या तसे पाठ केले होते, पहिलं काम मिळालं ते पण तेच वाजवायचं.