टोरंटो मेपल लीफ्स, म्हणजे आमची आइस हॉकीची टीम: पूर्ण सीझन पैसे भरून वापरल्यावर (आणि तो ड्रॉप पास)

हा रिव्ह्यू लिहायचा नव्हता. १८ मे २०२५ च्या रात्री लीफ्स हरले तेव्हा जे बोलायचं ते टीव्हीला बोलून झालं होतं. पण परवा क्रेडिट कार्डाचा मेसेज आला की मॅच बघायच्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू झालंय. गेल्या ऑगस्टमध्ये ऑफर होती म्हणून सीझनच्या दोन महिने आधीच घेऊन ठेवलेलं आणि किती वाचवले ते बायकोला दोनदा ऐकवलेलं, यंदा ऑफर नाही, पूर्ण भाव, वर टॅक्स. कस्टमर केअरला चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, मग पलीकडचा म्हणाला सर आठवणीची ईमेल पाठवली होती. पाठवली होती खरी, पिझ्झाच्या कुपनांखाली पडलेली. पैसे परत नाहीत. म्हणजे लीफ्स अजून एक वर्ष आमच्या घरात. मग म्हटलं लिहूनच टाकू, ॲपवाल्यांचं नाव घेत नाही, टीमचं घेतो.

वापर किती ते आधी सांगतो. २०२४-२५ च्या रेग्युलर सीझनच्या ८२ आणि प्लेऑफच्या १३, एकूण ९५ मॅचेस, त्यातल्या साठेक तरी मी पूर्ण पाहिल्या, बाकीच्या भांडी घासताना. आता कोणी म्हणेल पैसे भरले तर सगळ्या दिसत असतील. नाही ना. काही या ॲपवर, काही दुसऱ्या चॅनेलवर, सोमवारच्या तिसरीकडेच, आणि शनिवारची सीबीसी या सरकारी चॅनेलवर फुकट होती. फुकटचीच सगळ्यात जास्त एन्जॉय केली हे कबूल करतो. शेजारचे पाजी शनिवारी पंजाबी कॉमेंट्री लावतात, ओम्नी चॅनेलवर, मी तिथेच बसून हॉकी शिकलो. स्लॅप शॉटला चपेड शॉट म्हणतात हो! एकदा ते ऐकलं की इंग्लिशमध्ये मजा येत नाही. २००८ ला सुरू झाली ती कॉमेंट्री. आपली जीटीएमध्ये, म्हणजे टोरंटो आणि आजूबाजूला, एवढी माणसं, गणपतीला हॉल पुरत नाही, पण मराठीत "पक गेला कोपऱ्यात" (पक म्हणजे ती रबराची चकती) म्हणणारा एक माणूस नाही. असो.

सीझन चांगला गेला हे आधी मान्य करतो नाहीतर म्हणाल हा रडतोच. ५२ जिंकल्या, १०८ पॉइंट, अटलांटिक डिव्हिजनमध्ये पहिले. क्रेग बेरुबे कोच म्हणून आला, हा माणूस २०१९ ला सेंट लुईसच्या टीमला लीगचा स्टॅनले कप जिंकवून आलेला, चेहऱ्यावर माशी हलत नाही, आणि पोरं जरा जमिनीवर आली. म्हणजे बर्फावर आली. नायलँडरनं ४५ गोल मारले. ख्रिस टॅनेव्ह म्हणून डिफेन्समन घेतलाय, हा माणूस अंगावर पक घेतो, रोज घेतो, उठतो, पुन्हा घेतो, बघून माझीच बरगडी दुखायची. पैसा वसूल कोण विचाराल तर मी टॅनेव्ह म्हणेन, वर्षाला साडेचार मिलियन डॉलर, लीफ्सच्या मानानं भाजीच्या भावात.

आता मुद्द्याचं. ड्रॉप पास.

ज्यांनी पाहिलाय त्यांच्या डोक्यात आत्ताच तिडीक गेली असणार. समोरच्याचा एक जण पेनल्टी बॉक्समध्ये, आपल्याला दोन मिनिटं पाच विरुद्ध चार, पॉवर प्ले. आपला माणूस मागून पक घेऊन सुसाट निघतो, मधली लाल लाइन येते, समोर ब्लू लाइन दिसतेय, तिच्या पलीकडे समोरच्यांचा झोन, आणि तिथे हा बाबा पक चक्क मागे सोडून देतो. मागे! दहा-पंधरा फूट मागून दुसरा येतोय त्याच्यासाठी. धावतपळत स्टेशनवर यायचं, गाडी समोर उभी, आणि तिकीट मागून रमतगमत येणाऱ्या मेहुण्याकडे. मी मोजायला लागलो होतो. खरंच, फ्रिजवर कागद लावला होता, ड्रॉप पास झाला की एक रेघ, त्यातून नीट झोनमध्ये घुसले तर रेघेवर गोल. नोव्हेंबरमध्ये बायकोनं तो कागद काढून मागच्या बाजूला किराणाची यादी लिहिली, त्यामुळे आकडे देऊ शकत नाही, पण रेघा जास्त होत्या आणि गोल कमी होते एवढं नक्की.

हा राग आजचा नाही. २०२४ च्या प्लेऑफमध्ये बॉस्टनविरुद्ध २१ पॉवर प्ले मिळाले आणि गोल किती? १. एक. सात मॅचची सिरीज, सातवी ओव्हरटाइमला २-१ नं गेली. एकवीसपैकी अजून फक्त दोन-तीन जमले असते तर? त्या वेळी पॉवर प्लेवाला कोच वेगळा होता, २०२४ च्या उन्हाळ्यात मार्क सव्हार्ड आला, मला वाटलं गेली पीडा. पहिल्याच आठवड्यात मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, सगळं तेच दुकान, आणि पक निघाला मागे. मी सोफ्यावरून ओरडलो, पोरगा वरून खाली आला, त्याला वाटलं गोल झाला.

इथपर्यंत मी हे सगळं डोक्यात पक्कं करून ठेवलं होतं, रिव्ह्यूमध्ये एक स्टार त्या पासासाठीच कापायचा. पण मार्चमध्ये एक गोष्ट घडली ती लिहिली नाही तर खोटेपणा होईल.

लीफ्सचं तिकीट काढायची आपली ऐपत नाही, आणि असली तरी नियत नाही, तेवढ्यात भारताचं जाऊन-येऊन अर्ध तिकीट निघतं. म्हणून पोराला मार्लीज बघायला नेलं. मार्लीज म्हणजे लीफ्सचीच खालची टीम, एएचएल नावाच्या खालच्या लीगमध्ये खेळते, एक्झिबिशन प्लेसच्या कोलिझियममध्ये. गो ट्रेननं उतरलं की चालत, घरून थेपले नेले होते, गेटवर बॅग बघणाऱ्यानं वास घेतला पण सोडलं. सीट मिळाल्या गोलच्या मागे, स्वस्त म्हणून. टीव्हीवर कॅमेरा बाजूनं असतो, पकाच्या मागे मागे फिरतो, इथे मी पहिल्यांदा मैदान लांबीला पाहिलं.

आणि पॉवर प्ले आला, आणि ड्रॉप पास आला, अर्थातच, खालपासून हेच शिकवतात वाटतं. पण या बाजूनं बघताना दिसलं ते असं की पुढचा माणूस पक घेऊन येतो तेव्हा समोरचे चार जण त्याच्याबरोबर मागे मागे सरकतात, आपल्या ब्लू लाइनपर्यंत आले की ओळीत उभे राहतात, पाय थांबतात. स्केट आडवे झालेले दिसतात, बर्फाचा चुरा उडतो आणि थांबले. त्याच क्षणी पक मागे जातो आणि मागून येणारा तो, जो टीव्हीवर फ्रेमच्या बाहेर असतो, तो पूर्ण वेगात असतो. म्हणजे चार उभे आणि एक सुसाट. त्यात पकाच्या आधी ब्लू लाइन ओलांडली तर ऑफसाइड, म्हणून बाकीच्यांना लाइनवर रेंगाळावंच लागतं, वेग फक्त मागून येणाऱ्याकडेच असू शकतो. पोरगा म्हणाला, "बाबा, आता कळलं का?" बारा वर्षांचा आहे. त्याला आधीपासून माहीत होतं, मला सांगत नव्हता कारण मी ओरडतो ते त्याला बघायचं असायचं.

तर ड्रॉप पास मूर्खपणा नाही, जवळपास सगळ्याच टीम तो करतात, कापलेला स्टार परत देतो. अर्धा. कारण समोरच्यांना पण हे माहीत असतं ना, एक जण पुढे येऊन त्या मागच्यालाच दाबतो, मग तो मागचा वेग कमी करतो, बघतो, वळतो, आणि दोन मिनिटांतली वीस सेकंद गेली. दर वेळी तोच पास दिल्यावर दुसरं काय होणार. चकली आवडते म्हणून रोज चकली?

प्लेऑफवर लवकर आवरतो. पहिल्या राऊंडला ओटावाला सहा मॅचमध्ये घरी पाठवलं, मग फ्लोरिडा, २०२४ चे चॅम्पियन. पहिल्या दोन जिंकलो. दोन! पहिल्याच मॅचमध्ये आमचा गोलकीपर स्टोलार्झ डोक्याला लागून बाहेर गेला, तरी बदली गोलकीपर वोलनं सांभाळलं. ती दोन मॅचची आघाडी असताना मी ऑफिसमध्ये एका मॉन्ट्रिऑलवाल्याला बोललो ते बोलायला नको होतं. तिसरी ओव्हरटाइममध्ये गेली, गोल कोणी मारला तर ब्रॅड मार्शांडनं, जो आयुष्यभर बॉस्टनकडून आम्हाला छळून मार्चमध्ये फ्लोरिडाला गेला होता, बदली झाली तरी साहेब तोच. पाचवी घरी ६-१. सहावी तिकडे जाऊन २-० जिंकले, म्हणजे पुन्हा आशा लावली. सातवी घरी, ६-१. पुन्हा ६-१, तोच आकडा, झेरॉक्स काढल्यासारखा. पहिल्या पिरियडला ०-०, दुसऱ्यात तीन खाल्ले, तिसऱ्यात डोमीनं एक मारला आणि मी उठून उभा राहिलो, बसायच्या आत त्यांनी चौथा मारला. लोकांनी जर्सी काढून बर्फावर फेकल्या. माझ्या मनात आलं केवढ्याची असते ती, निदान फेसबुकवर विकायची. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल, साताऱ्यात सकाळ झालेली. "काय रे, ती घसरणारी पोरं हरली का परत?" आईनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. पुढे म्हणाली, "अरे पण तू का जेवला नाहीस?" सांगायचं काय, आई, १९६७ पासून कप नाही आला, मी तर २०१६ ला आलोय.

मार्नर गेला त्याचं. जून संपता संपता वेगासला, आठ वर्षांचा करार, वर्षाला १२ मिलियन, बदल्यात निकोला रॉय. इथलाच मुलगा, टोरंटोच्या बाजूला वाढलेला, २०२४-२५ ला १०२ पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास धरून). पहिल्या आठवड्यात मी पण शिव्या दिल्या, पळपुटा वगैरे. आता तेवढं वाटत नाही. १ जुलैला तो तसाही फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळा होणार होता, फुकट गेला असता, त्याला आठवं वर्ष हवं होतं ते तेव्हा फक्त आपलीच टीम देऊ शकत होती, म्हणून सही करून ट्रेड केला आणि हाताला तीन मिलियनचा सेंटरला खेळणारा माणूस तरी लागला. जुन्या फ्रिजच्या बदल्यात मिक्सर, पण मिक्सर तरी. खरं दुखतं ते वेगळंच आहे. मार्चमध्ये कार्लो आणि लॉटन आणायला नवी पोरं निवडायचे पहिल्या फेरीचे दोन हक्क (पिक) देऊन टाकले, २०२६ चा आणि २०२७ चा. उधारीवर दिवाळी केली आणि फराळ दुसऱ्या राऊंडला संपला.

आणि टवारेस! यासाठी मी पूर्ण एक स्टार वाढवतोय. सात वर्षं ११ मिलियन घेतले, लोकांनी महागडा महागडा म्हणून डोकं खाल्लं, त्यात मीही होतो, कॅप्टनशिप मॅथ्यूजला दिली तेव्हा तोंड वाकडं केलं नाही, आणि आता चार वर्षांसाठी वर्षाला ४.३८ मध्ये थांबला. ४.३८! बाहेर कोणीही जास्त दिले असते. पगार निम्म्यापेक्षा कमी करून त्याच ऑफिसात त्याच खुर्चीवर बसायला मन लागतं. त्या पैशातून नाइज नावाच्या पोराला पावणेआठ देऊन सहा वर्षं बांधला. कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, पण २०२५-२६ साठी ८८ वरून ९५.५ मिलियनवर गेली, तर यंदा हिशेब जमतोय असं कागदावर तरी दिसतं. शनहान पदावरून गेला, अकरा वर्षं प्रेसिडेंट होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, मी त्याला कधी काही करताना पाहिलंच नाही.

राहिला जर्सीचा प्रश्न. पोराला ख्रिसमसनंतरच्या सेलमध्ये १६ नंबरची, मार्नरची घेतली होती, मागे नाव शिवलेलं, "दोन साइज मोठी घ्या, दोन वर्षं जाईल" हे माझंच वाक्य. जुलैत मी उसवायला बसलो, ब्लेडनं, पहिली तीन अक्षरं निघाली. पण खाली निळ्या कापडावर सुईची भोकं राहिली आणि अक्षरांच्या जागी निळा जास्त गडद, बाकी धुऊन फिका पडलेला, म्हणजे नाव काढलं तरी नाव वाचता येतंय. पोरगा म्हणाला राहू दे बाबा, मी तशीच घालतो. तशीच घालतो आता, गल्लीत रोज संध्याकाळी टेनिस बॉलवर हॉकी चालते, गाडी आली की "कार!" ओरडून नेट उचलतात, आणि हा अर्ध्या नावाचा पोरगा मोकळा रस्ता समोर असताना बॉल मागे सोडतो. मी खिडकीतून काही बोलत नाही.

एकूण स्टार पाचातले साडेतीन, ॲपला एक. रिन्युअल बंद करून ठेवलंय, स्क्रीनशॉट काढलाय, तारीख दिसेल असा. पुढची पहिली मॅच ८ ऑक्टोबर २०२५ ला, घरी, मॉन्ट्रिऑलविरुद्ध, बुधवारी. ती माझ्या ॲपवर दिसते की दुसऱ्या चॅनेलवर ते कोणाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर पाजींना आत्ताच विचारून ठेवतो.