टेपर बॉल नोज बिट्स, आठ महिन्यांनी: शँक कोरी ती कोरीच

सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या यंत्राच्या, दहा बिट्सचा संच: टोक गोल, वरती जाड होत जाणाऱ्या. सगळ्या सॉलिड कार्बाइड, ६ मिमी शँक (यंत्रात धरायचा दांडा), दोन फ्लूट (धारा). टोकं आर०.२५ पासून आर१ पर्यंत, आर म्हणजे टोकाची त्रिज्या, मिमीत. अंबडच्या शेडमधलं चार बाय आठ फुटांचं राउटर, बिट फिरवणारा ३ किलोवॉटचा स्पिंडल, बिट पकडणारा ईआर२० कोलेट. कामं म्हणजे सागवानी देवघरांची दारं, शिवणीच्या लाकडावर उठावाच्या मूर्ती आणि मधूनमधून एमडीएफची जाळी. कार्बाइड बरं आहे, धार बरी आहे. पण शँकवर मापाचा आकडा कोरायला बनवणाऱ्यांना काय होतं? लाकडावर अख्खी महिरप कोरणाऱ्या बिटची स्वतःची पाटी कोरी!

डबीवर स्टिकर ‘१.०’. हा व्यास की त्रिज्या? याच संचात काही डब्यांवर व्यास छापलाय, काहींवर त्रिज्या. टोकाचा व्यास १ मिमी म्हणजे आर०.५. आर१ चं टोक मात्र २ मिमीचं. प्रोग्राम आर०.५ चा आणि स्पिंडलला आर१, असं झालं की सुरुवातीला काही कळत नाही. टोकावरून झेड, म्हणजे उंची, शून्य केलेलं असतं, त्यामुळे सपाट भाग अगदी बरोबर येतो. खोटेपणा उतारावर निघतो. ४५ अंशाच्या उतारावर जवळपास ०.१५ मिमी जास्त कापलं जातं, ६० अंशावर पाव मिमी. सप्तशृंगीच्या उठावात अठरा हात, प्रत्येकात आयुध. दीड मिमीच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी पाव-पाव मिमी गेलं तर देवीच्या हाती बोटांऐवजी काड्या उरतात. उलटी चूक, म्हणजे मोठ्याच्या जागी बारीक टोक, निस्तरता येते: लाकूड शिल्लक राहतं, योग्य बिट लावून पुन्हा फिरवायचं. जास्त गेलेलं कुठून आणणार?

व्हर्निअरने हे टोक मोजता येत नाही. त्यापेक्षा एमडीएफच्या तुकड्यावर बरोबर ०.५ मिमी खोल, २० मिमी लांब एक रेघ मारा आणि भिंगातून रुंदी बघा. १ मिमी भरली तर आर०.५, साधारण १.७ भरली तर आर१, अर्ध्या मिमीच्या आसपास असेल तर आर०.२५. दोन मिनिटांचं काम आहे. ओळखीसाठी नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा तो बिटवरच्या प्लास्टिकच्या रिंगवर. कोलेटमध्ये जाणाऱ्या भागावर रंग लागला तर बिट वाकडी धरली जाते.

आता बिट तुटण्याबद्दल. पहिल्या तीन महिन्यांत आर०.५ ची चार टोकं गेली आणि ‘स्वस्तातला माल’ असा शिक्का मारून मोकळे झालो होतो. तो शिक्का मागे घ्यावा लागतोय. डगमग मोजणारा डायल लावला तर ६ मिमीच्या शँकवर काटा ०.०६ मिमी फिरत होता. १८,००० आरपीएम, १,५०० फीड (मिनिटाला मिमी), दोन फ्लूट म्हणजे प्रत्येक धारेच्या वाट्याला जेमतेम ०.०४ मिमी येतं. बिट इतकी डगमगली की एकच धार बहुतेक ओझं ओढते, दुसरी नुसती मिरवते. कोलेट बदलला, नटमधला भुगा हवेने झाडला, काटा ०.०२ च्या आत आला. त्यानंतरच्या पाच महिन्यांत तुटली एकच, तीही टेबलावरून फरशीवर पडून. नवा कोलेट आधी नटमध्ये ‘टक्’ करून बसवायचा, मग नट स्पिंडलला. उलट केलं तर बिट कधीच सरळ बसत नाही. आणि ६.३५ ची, म्हणजे पाव इंची बिट ६ च्या कोलेटमध्ये कोंबू नका. तिचा कोलेट वेगळा असतो.

रफिंगला, म्हणजे आधीच्या ढोबळ कोरण्याला, फाटा देऊन थेट टेपर बिट घालणाऱ्यांना तर कुठलीच कंपनी वाचवू शकत नाही. आधी ६ मिमीची अपकट एंडमिल (सपाट टोकाची, भुगा वर ओढणारी बिट), एका पासला, म्हणजे फेरीला, ३ मिमी, वर अर्धा ते पाऊण मिमी लाकूड राखून, आणि मगच बारीक टोक. सपाट पार्श्वभूमीही एंडमिलनेच काढा. बॉल नोज फिरते तेव्हा तिचं नेमकं मधलं टोक जागच्या जागीच असतं, ते कापत नाही, घासतं. सागवानावर तिथे काळपट डाग पडतात. शिवाय या संचातल्या आर०.५ ला ३०.५ मिमीची धार आहे, म्हणजे एका बाजूला सुमारे ४.७ अंशांचा उतार. उभी भिंत तेवढी तिरकी येणारच, ती तक्रार बिटची नाही.

वेळेचा हिशेब इथे लावतो, कारण विजेचं बिल आपल्यालाच भरायचंय. ६०० बाय ४५० मिमीचा उठाव, फीड २,५००. स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन रेघांतलं अंतर, ०.१ मिमी ठेवला तर १८ तास, ०.२ ला ९. आर०.५ ने ०.२ वर दोन रेघांमध्ये राहणारी शिरा फक्त ०.०१ मिमी उंचीची, पॉलिश पेपरचा एक हात फिरला की गेली. मग ०.१ कशासाठी? एमडीएफवर रंगकाम असेल तर आर१ ने ०.३ सुद्धा चालतं.

निळ्या कोटिंगच्या दोन बिट्स जास्त पैसे मोजून घेतल्या होत्या. लाकडावर फरक शून्य. सागवानात सिलिका असते, ती कोटिंगवाली आणि बिनकोटिंगची दोन्ही सारख्याच झिजवते. धार गेली हे भुग्यावरून कळतं: ढलप्या यायच्या बंद होऊन पीठ यायला लागतं आणि शिवणीवर कुसळं उभी राहतात. पण बिट फेकण्याआधी धारेवरची राळ बघा. खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पितळी ब्रशने घासल्यावर ‘बोथट’ ठरवलेल्या दोन बिट्स पुन्हा कामाला लागल्या.

प्लायसाठी हा संच नाहीच. तिथे वरचा पापुद्रा टवके न उडता कापायचा तर डाउनकट (भुगा खाली ढकलणारी), दोन्ही बाजू दिसणार असतील तर कॉम्प्रेशन (टोकाकडे अपकट, वर डाउनकट). कॉम्प्रेशनचा पहिला पास तिच्या अपकट भागापेक्षा खोल हवा, नाहीतर वरची कड फाटतेच.

स्टिकरबद्दल विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘सगळे असंच देतात.’ बदली नाही, पैसे नाहीत. तरी पुढची ऑर्डर त्याच्याकडेच दिली, दर खरंच कमी आहे म्हणून. फक्त संच नाही घेतला: आर०.५ च्या सहा, आर१ च्या दोन, दोन्ही वेगवेगळ्या पार्सलने.